‘मी कर्ता नाही’ हे कुणी म्हणावे?

१९३० च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाने एक संथ रचना ध्वनिमुद्रित केली. पुढे ती ‘मूड इंडिगो’ या नावाने जगभर गेली. तिच्या आरंभी तीनच वाद्ये मुख्य सुरावट वाजवतात: ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि क्लॅरिनेट. जॅझमध्ये या तिघांची जागा ठरलेली असे. क्लॅरिनेटने वर बागडायचे, ट्रम्पेटने मधली वाट धरायची, ट्रॉम्बोनने खालून आधार द्यायचा. एलिंग्टनने ही उतरंड उलटी केली. ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनची तोंडे झाकून त्यांचा आवाज कोंडला, ट्रॉम्बोनला त्याच्या वरच्या सुरांत चढवले आणि क्लॅरिनेटला अगदी तळाच्या दाट सुरांवर आणून ठेवले. त्यातून जो रंग उमटला तो त्याआधी कुणी ऐकला नव्हता. आता ही रचना कुणाची? मांडणी एलिंग्टनची आहे. पण तिच्यातली एक महत्त्वाची सुरावट क्लॅरिनेटवादक बार्नी बिगार्डने आणली होती, आणि त्याला ती न्यू ऑर्लिन्समधले त्याचे गुरू लोरेंझो टिओ यांच्याकडून मिळाली होती. झाकलेल्या ट्रम्पेटचा तो कातर स्वर आर्थर व्हेट्सेलचा, ट्रॉम्बोनचा ‘ट्रिकी सॅम’ नॅन्टनचा. छापील कागदावर मात्र संगीत न रचलेल्या प्रकाशक-व्यवस्थापक अर्व्हिंग मिल्सचेही नाव होते, आणि बिगार्डला आपले नाव तिथे यावे म्हणून बरीच वर्षे झगडावे लागले. तीन मिनिटांच्या या रचनेत एक फार जुना प्रश्न दडला आहे. कोणत्याही कृतीचा कर्ता कोण असतो, आणि ते ठरवण्याचा अधिकार कुणाला असतो?

जॅझ ऐकू लागणारा माणूस पुष्कळदा एखाद्या मोठ्या नावापासून सुरुवात करतो आणि त्याच्या साथीदारांच्या हाताला धरून पुढे जातो. एलिंग्टनच्या बाबतीत ही वाट विलक्षण लांब जाते. जॉनी हॉजेसचा ऑल्टो सॅक्सोफोन आवडला की त्याच्या स्वतंत्र बँडपर्यंत पोचता येते, आणि तिथे १९५४ मध्ये एक तरुण वादक साथीला बसलेला दिसतो: जॉन कोल्ट्रेन. ट्रम्पेटवादक कूटी विल्यम्सच्या मागे जावे तर त्याच्या १९४४ च्या बँडमध्ये पियानोवर विशीतला बड पॉवेल आहे, आणि थिलोनियस मंकची ‘राउंड मिडनाइट’ त्याच बँडने सर्वप्रथम ध्वनिमुद्रित केली आहे. ट्रम्पेटवादक क्लार्क टेरीकडून सेंट लुइसला जावे तर त्याला वडीलधारा मानणारा मुलगा माइल्स डेव्हिस भेटतो. जिमी ब्लँटन १९३९ मध्ये एलिंग्टनकडे आला आणि १९४२ मध्ये वयाच्या २३ व्या वर्षी क्षयाने गेला. पण तेवढ्या अवधीत त्याने डबल बास या वाद्याला ठेक्याच्या चाकरीतून सोडवून बोलते केले. त्याच्यानंतरचा प्रत्येक बासवादक त्याचे देणे लागतो. एका नावापासून निघालेला श्रोता असा चार-पाच नावांतून अख्ख्या जॅझमध्ये पोचतो. या प्रवासात त्याला माहिती मिळतेच, पण त्याची एक समजूतही मोडते. ‘एलिंग्टनचा आवाज’ म्हणून त्याने जे ऐकले होते ते अनेक माणसांचे एकत्र श्वास होते, हे त्याला कानांनीच पटते.

आपल्या परंपरेत कर्तेपणाचा विचार खोलवर झाला आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, निरनिराळ्या चेष्टा आणि दैव. या पाचांमध्ये ‘कर्ता’ हे फक्त एक कारण आहे, आणि असे असताना केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याची दृष्टी कच्ची, असा तिथला निष्कर्ष आहे. एलिंग्टनचा वाद्यवृंद म्हणजे जणू या विधानाची चाचणी घेता येईल असे प्रत्यक्ष उदाहरण. तो स्वरलेखन करताना पुष्कळदा ‘दुसरा ट्रम्पेट’ किंवा ‘पहिला ट्रॉम्बोन’ असे न लिहिता त्या वादकाचे नावच लिही. १९४० ची ‘कन्सर्टो फॉर कूटी’ तर नावातच वादकाला घेऊन आली. म्हणजे इथे माणूस आधी आणि सूर नंतर. पण हा माणूस तरी एकट्याने घडलेला होता का? गुरगुरत, घशातून बोलल्यासारखे ट्रम्पेट वाजवण्याची रीत या वाद्यवृंदात बबर मायलीने आणली. १९२९ मध्ये तो वाद्यवृंद सोडून गेल्यावर त्याच्या जागी आलेल्या कूटी विल्यम्सने ती रीत शेजारी बसलेल्या नॅन्टनचा ट्रॉम्बोन ऐकून आत्मसात केली, आणि १९४० मध्ये कूटीही सोडून गेला तेव्हा रे नान्सने ती पुढे चालवली. ज्याला आपण कूटीची खास ओळख म्हणतो ती त्याला एका खुर्चीवर बसल्यावर, शेजाऱ्याकडून मिळाली होती. तरीही कूटीसारखी ती दुसऱ्या कुणी वाजवली नाही. माणसाचे स्वत्व आधी पूर्ण तयार असते आणि मग तो ते इतरांत मिसळतो, असे हा इतिहास सांगत नाही. इतरांना ऐकता ऐकताच ते घडते, आणि घडल्यावर खरोखर त्याचेच असते.

इथे पहिला आक्षेप येतो. असे असेल तर एलिंग्टन हा फक्त हुशार संग्राहक ठरतो. दुसऱ्यांच्या कल्पना गोळा करून त्यांवर आपले नाव लावणारा. हा आक्षेप पुराव्याला उतरत नाही. बिगार्डची सुरावट एकटी वाजवली तर ती गोड आहे, पण ती ‘मूड इंडिगो’ नाही. त्या तीन वाद्यांच्या उलट्या मांडणीने तिला जे रूप आले ते कुठल्याही साथीदाराच्या हाती नव्हते. हॉजेस १९५१ मध्ये बाहेर पडला, त्याच्या बँडला यशही मिळाले, पण १९५५ मध्ये तो परतला आणि १९७० मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिला. कूटी २२ वर्षांनी, १९६२ मध्ये परतला. हॅरी कार्नी १९२७ मध्ये, सतरा वर्षांचा असताना आला आणि १९७४ पर्यंत बॅरिटोन सॅक्सोफोन घेऊन तिथून हललाच नाही. ही माणसे निव्वळ पगारासाठी बांधलेली नव्हती. आपल्यातला एक भाग इथेच पुरा वाजतो, हे त्यांना कळत असले पाहिजे. उलट बाजूही तितकीच खरी. मोठ्या बँडांचे दिवस सरल्यावर बहुतेक प्रमुखांनी आपले वाद्यवृंद मोडले, तेव्हा एलिंग्टनने स्वतःच्या रचनांच्या रॉयल्टीतून तूट भरून काढत आपला वाद्यवृंद चालू ठेवला. रात्री लिहिलेले दुसऱ्या दिवशी याच माणसांकडून ऐकल्याशिवाय त्याचे लिहिणे पुरे होत नव्हते. तेव्हा साथीदारांना कर्ते म्हटल्याने प्रमुखाचे कर्तेपण पुसले जात नाही. अनेक कर्ते असणे म्हणजे कुणीच कर्ता नसणे नव्हे.

मात्र याच ठिकाणी विचाराची घसरगुंडी सुरू होते, आणि या लेखाचा खरा मुद्दा तिथे आहे. सगळेच सगळ्यांचे असेल तर कागदावर नाव कुणाचे आहे याला महत्त्व काय, असा एक उदात्त वाटणारा युक्तिवाद लगेच पुढे येतो. तो वास्तवावर ठेवून पाहावा. हॉजेस एकल वादन करताना सहज एखादी सुरावट गुंफून जाई, आणि त्यातून पुढे ‘नेव्हर नो लॅमेंट’सारखी रचना उभी राही, १९४२ मध्ये तिला शब्द मिळून तिचे लोकप्रिय गाणे झाले. ‘कन्सर्टो फॉर कूटी’ची मूळ धून कूटीची, तिचेही पुढे खपाऊ गाणे झाले. या गाण्यांच्या उत्पन्नाचा प्रवाह संगीतकार म्हणून नाव असणाऱ्याकडे गेला. आपल्या धुनेची गाणी वाजू लागली की हॉजेस रंगमंचावरून एलिंग्टनकडे पाहत बोटांनी नोटा मोजल्याची खूण करी, असे त्याचे सहकारी सांगत. आणि हा केवळ एका माणसाचा दोष मानता येत नाही. ज्या कूटीची धून दुसऱ्याच्या नावावर गेली, त्याच कूटीने ‘राउंड मिडनाइट’ ध्वनिमुद्रित केली तेव्हा मंकच्या त्या रचनेवर सहरचनाकार म्हणून कूटीचे नाव लागले. काल ज्याचे घेतले गेले तोच खुर्ची बदलताच घेणारा झाला. ज्याच्या हाती बँड, त्याच्या हाती नाव, अशी ती सगळी व्यवस्थाच होती. ‘कर्ता कुणीच नाही’ हे तत्त्वज्ञान अशा व्यवस्थेच्या फार सोयीचे असते.

म्हणून माझे म्हणणे असे: अकर्तेपण हे प्रथमपुरुषी सत्य आहे. ‘मी कर्ता नाही’ असे मी माझ्याबद्दल म्हणू शकतो; ‘तू कर्ता नाहीस’ असे तुझ्याबद्दल म्हणण्याचा अधिकार मला नाही. याला दोन कारणे आहेत. पहिले ज्ञानाचे. मला काय काय कुणाकडून मिळाले याची साक्ष माझ्याच आत असते. आपले ऋण आपल्याला आतून मोजता येते. दुसऱ्याने आपल्या कृतीत काय ओतले, त्यासाठी किती रात्री झिजवल्या, हे मला बाहेरून दिसत नाही. ज्याचे मोजमाप आपल्याला करताच येत नाही ते शून्य आहे असे ठरवणे हे अज्ञान आहे, वैराग्य नव्हे. दुसरे कारण नीतीचे. स्वतःचे कर्तेपण खाली ठेवणे हा त्याग आहे. दुसऱ्याचे कर्तेपण खाली ठेवायला लावणे हे हिसकावणे आहे. दोन्हींत वाक्य जवळपास एकच असले तरी कृती अगदी उलट्या आहेत. आपल्याकडचा दाखला स्पष्ट आहे. ज्ञानेश्वरांनी आपल्या ग्रंथाचे सारे श्रेय निवृत्तिनाथांच्या चरणी ठेवले, स्वतःकडे काही घेतले नाही. पण त्याच ज्ञानेश्वरीच्या अखेरीस, शके १२१२ च्या उल्लेखासोबत, लेखनिक म्हणून सच्चिदानंदबाबांचे नाव नोंदलेले आहे. ज्या ग्रंथाचा कर्ता स्वतःला कर्ता म्हणवत नाही, त्या ग्रंथात लेखणी धरणाऱ्याचे नाव मात्र जपलेले आहे. अकर्तेपणाची खरी खूण हीच. जिथे ‘मी’ आकसतो तिथे इतरांची नावे ठळक होतात.

यावर तर्कनिष्ठ वाचक विचारेल: एखादे विधान सत्य असेल तर ते कुणीही कुणाबद्दलही म्हटले तरी सत्यच असायला हवे. माझ्याबद्दल खरे आणि तुझ्याबद्दल म्हणू नये, हे कसले सत्य? हा आक्षेप गंभीर आहे, आणि त्याला उत्तर द्यायला एलिंग्टनचेच उदाहरण उपयोगी पडते. ‘ही धून हॉजेसची नाही, ती त्या सगळ्या वातावरणाची आहे’ असे म्हटले, तर तत्त्वतः त्यात तथ्य आहे. पण असे म्हणून हॉजेसचे नाव काढल्यावर ती जागा रिकामी राहते का? तिथे लगेच दुसरे नाव छापले जाते. म्हणजे कर्तेपणाचा सिद्धांत तिथे लागू केलाच गेला नाही. कर्तेपण फक्त एका माणसाकडून दुसऱ्याकडे वळवले गेले. तो सिद्धांत खरोखर लागू करायचा तर सर्वांत आधी तो बोलणाऱ्याला स्वतःवर लागू करावा लागेल, आणि एकदा तसे केले की दुसऱ्याचे नाव पुसण्याची गरजच उरत नाही. शिवाय गीतेतल्या त्या पाच कारणांत कर्त्याला गाळलेले नाही. त्याला त्याच्या जागी बसवले आहे. अधिष्ठान आहे, साधने आहेत, दैव आहे, आणि कर्ताही आहे. ज्याला या यादीचा आधार घेऊन दुसऱ्याचा वाटा शून्य करायचा आहे, त्याने ती यादी अर्धीच वाचली आहे.

या प्रश्नाचे सर्वांत अवघड रूप बिली स्ट्रेहॉर्नच्या आयुष्यात दिसते. १९३८ च्या डिसेंबरात पिट्सबर्गमध्ये त्याची एलिंग्टनशी भेट झाली आणि पुढची जवळजवळ तीन दशके तो त्याच्यासाठी रचना करत राहिला. १९४१ मध्ये रेडिओ केंद्रे आणि रचनाकारांची संघटना यांच्यात हक्कशुल्कावरून वाद पेटला, संघटनेच्या सभासदांच्या रचना रेडिओवर वाजेनाशा झाल्या, आणि एलिंग्टनला आपलेच संगीत प्रसारित करता येईना. त्या पेचातून स्ट्रेहॉर्नची ‘टेक द ए ट्रेन’ पुढे आली आणि वाद्यवृंदाची कायमची ओळखधून झाली. जगाने ज्या धुनेवरून एलिंग्टनला ओळखले ती दुसऱ्याने रचली होती. अनेक रचनांवर स्ट्रेहॉर्नचे नाव उशिरा लागले किंवा लागलेच नाही. मध्ये काही वर्षे तो दुरावलाही होता. पुढे डच संगीत-अभ्यासक वॉल्टर व्हॅन डी लर यांनी दोघांची हस्तलिखिते अक्षरावरून वेगळी केली, तेव्हा असे दिसले की दोघे मिळून एकच रचना लिहीत असत ही प्रचलित कल्पना पुष्कळ अंशी खरी नाही. स्ट्रेहॉर्नने लिहिलेल्या रचना बहुतांशी पूर्णपणे त्याच्याच होत्या. ‘दोघे एकजीव होते’ हे सुंदर वाक्य इतकी वर्षे नेमके हेच झाकत आले. कुणी म्हणेल, त्याने पडद्यामागे राहणे स्वतः पत्करले होते. ते काही अंशी खरे आहे. तो समलिंगी होता आणि ते लपवत नव्हता. त्या काळच्या अमेरिकेत एका कृष्णवर्णीय संगीतकाराला प्रकाशझोतात राहून असे जगणे जवळजवळ अशक्य होते. पण ज्याच्यापुढे वाटाच थोड्या ठेवल्या आहेत त्याने त्यांतली एक निवडली, म्हणून तिला निरपेक्ष त्याग म्हणता येत नाही. प्रथमपुरुषी सत्याची अट हीच आहे: म्हणणारा ‘मी आहे’ असेही म्हणायला मोकळा असला पाहिजे.

एलिंग्टनवर अन्याय होऊ नये म्हणून पुढचे सांगणे आवश्यक आहे. स्ट्रेहॉर्न ३१ मे १९६७ रोजी कर्करोगाने गेला. त्याला वाहिलेल्या श्रद्धांजलीत एलिंग्टनने त्याच्या जगण्यातली चार नैतिक स्वातंत्र्ये सांगितली: द्वेषापासून मुक्ती, स्वतःची कीव करण्यापासून मुक्ती, आपल्या हातून होणाऱ्या कामाने आपल्यापेक्षा दुसऱ्याचेच अधिक भले होईल या भीतीपासून मुक्ती, आणि आपण आपल्या भावापेक्षा श्रेष्ठ आहोत या गर्वापासून मुक्ती. त्याच वर्षी त्याने केवळ स्ट्रेहॉर्नच्या रचनांना वाहिलेली ध्वनिमुद्रिका केली. पुढे १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथीड्रलमध्ये झालेल्या दुसऱ्या ‘सेक्रेड कॉन्सर्ट’मध्ये, म्हणजे आपल्या धार्मिक संगीताच्या मैफलीत, त्याने ही चार स्वातंत्र्ये उच्चारली. या मैफली हे आपले सर्वांत महत्त्वाचे काम आहे असे तो मानत असे. तिसरे स्वातंत्र्य या लेखाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे. आपल्या कामाने दुसऱ्याचेच नाव मोठे होईल ही भीती सुटणे म्हणजे अकर्तेपण अगदी व्यवहारात उतरणे. पण ती भीती सुटली होती स्ट्रेहॉर्नची. ज्याचे नाव मोठे झाले त्याने ते ओळखून, देवासमोर आणि लोकांसमोर, गेलेल्या साथीदाराच्या नावाने म्हणून दाखवले. उशिरा का होईना, पण वाक्याचा रोख योग्य दिशेला वळला. एकाने स्वतःचे कर्तेपण सोडले, दुसऱ्याने ते त्याला परत केले. या दोन्ही क्रिया झाल्याशिवाय हे तत्त्वज्ञान पुरे होत नाही.

शेवटचा आक्षेप असा की या हिशेबाला अंत नाही. बिगार्डला श्रेय द्यायचे तर टिओंना का नको, आणि टिओंना द्यायचे तर न्यू ऑर्लिन्सच्या ज्या अनाम वादकांकडून त्यांनी ऐकले असेल त्यांना का नको? साखळी अनंत आहे हे मान्य. पण ऋणाची साखळी अनंत आहे म्हणून हाताशी असलेले दुवे नाकारण्याची मुभा मिळत नाही. सगळ्या पूर्वजांची नावे ठाऊक नसली तरी आईवडिलांचे नाव आपण सांगतोच. जिथपर्यंत ठाऊक आहे तिथपर्यंत नावे घ्यावीत आणि पुढच्या अज्ञातांपुढे नम्र व्हावे, एवढेच करता येते, आणि ते पुरेसे आहे. हा प्रश्न न्यूयॉर्कपुरता नाही. हा वाद्यवृंद १९६३ च्या दौऱ्यात मुंबईला आला, तेव्हा त्याच शहरातल्या चित्रपट स्टुडिओंत जॅझवर वाढलेले गोव्याचे वादक आणि अ‍ॅरेंजर रोज काम करत होते. चिक चॉकलेट यांनी सी. रामचंद्रांच्या संगीताला दिलेला झोक, सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांत उभे केलेले व्हायोलिनांचे ताफे, अँथनी गोन्साल्विस यांचे वाद्यवृंद-लेखन, हे सारे आपण पिढ्यान्‌पिढ्या गुणगुणत आलो. पण श्रेयनामावलीत ही माणसे असलीच तर ‘सहायक’ म्हणून असत. तिथेही तोच युक्तिवाद ऐकू येतो: संगीत सगळ्यांचे असते, नावात काय आहे. असे म्हणणाऱ्याचे स्वतःचे नाव बहुधा पडद्यावर मोठ्या अक्षरांत असते.

तेव्हा साथीदारांच्या वाटेने जॅझपर्यंत जाणे ही केवळ रसिकाची आवड न राहता एक साधना होऊ शकते. श्रोत्याला इथे काही मिळवायचे नसते. नाव त्याचे होणार नसते, पैसा त्याला मिळणार नसतो. म्हणूनच तो निर्मळपणे विचारू शकतो: हा स्वर कुणाचा? हा प्रश्न विचारत ऐकणाऱ्याचा कान बदलतो. ज्या जागी त्याला आधी एकच ध्वनी ऐकू येई, तिथे आता कार्नीचा खर्ज, हॉजेसचे घसरत जाणारे सूर आणि ब्लँटनची बोटे वेगवेगळी ऐकू येतात, आणि त्यांना एकत्र बांधणारा एलिंग्टन आधीपेक्षा मोठा वाटू लागतो, लहान नव्हे. कर्तेपण वाटून दिल्याने कमी होत नाही हे इथे तर्काने सिद्ध करावे लागत नाही. ऐकताना ते अनुभवाला येते. आणि ज्याला आपल्या जगण्यात अहंकार खरोखर कमी करायचा आहे, त्याच्यासाठी क्रमही यातच आहे. आधी इतरांचे कर्तेपण नीट ओळखावे, नावानिशी उच्चारावे, त्यांचा वाटा त्यांना द्यावा. एवढे केल्यावर स्वतःकडे जे उरते त्याबद्दल ‘हे माझे नाही’ असे म्हणण्याचा अधिकार मिळतो. हा क्रम उलटा केला तर तेच वाक्य चोरीवर घातलेले पांघरूण ठरते.